केमिस्ट्री घेण्याआधी मांडायचा हिशेब : कोल्हापूरच्या मुलामुलींसाठी

बारावीचा निकाल लागला की आठवडाभर आमच्या सोप्यात चपलांची रांग लागते. मी एक हंगाम साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढला, सहा वर्षं कोकणातल्या लोटे एमआयडीसीत औषध कंपनीच्या क्यूसीत (मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये) काढली आणि आता घराजवळच्या फौंड्रीत आहे. म्हणजे केमिस्ट्रीच्याच भाकरीवर जगलेला माणूस. त्यामुळं भावकीतली, गल्लीतली पोरं मार्कशीट घेऊन येतात. "मामा, बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊ का?" मागं उभ्या असलेल्या आईचा प्रश्न वेगळा असतो. "नोकरी लागंल न्हवं भाऊजी?"

हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही. एक वही घ्यायला सांगतो आणि पुढच्या क्रमानं भरायला लावतो. तोच क्रम इथं देतोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण ती कळायला मला स्वतःला दहा वर्षं लागली : या पदवीची फी फारशी नसते, तिच्यात जाणारी वर्षं महाग असतात. पोरांचे आईबाप फीवर तासभर बोलतात आणि वर्षांवर एक मिनिट नाही.

पहिली पायरी : इकडं का आलात, ते खरं लिहा

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायचं. "नीटला मार्क कमी पडले म्हणून" असं असेल तर तसंच लिहा, लाज कसली? पण नीटचा दुसरा प्रयत्न करायचा आणि नाव कुठंतरी असावं म्हणून बी.एस्सी.ला घालून ठेवायचं, असा बेत असेल तर त्याची मुदत आजच लिहून टाका. एक प्रयत्न, फार तर दोन. पहिलं वर्ष क्लासमध्ये आणि दुसरं वर्ष दुःखात गेलं, की तिसऱ्या वर्षी हातात ब्युरेट धरता येत नाही. असे मी बरेच पाहिलेत.

आवड आहे की नाही, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. अकरावी-बारावीचं टायट्रेशन आठवा. फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग यायचा, रीडिंग ०.२ नं चुकायचं. तेव्हा तुम्ही परत फ्लास्क धुऊन तीन रीडिंग जुळेपर्यंत उभे राहिलात, का शेजारच्याचं रीडिंग बघून उतरवलं? परत करणाऱ्याला या धंद्यात जागा आहे. उतरवणाऱ्याला पदवी मिळेल, पण नोकरी त्याला छळेल, कारण नोकरीत तेच काम आहे. तीच परीक्षा, तोच नमुना, रोज, आणि आकडा जुळेपर्यंत.

त्याच पानावर पर्यायही लिहा. कारखान्यातच जायचं नक्की असेल आणि घरची घाई असेल, तर आयटीआयचा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. केमिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे. औषध क्षेत्रातच जायचं असेल तर बी.फार्म.चा विचार करा. चार वर्षं लागतात, फी जास्त असते, पण औषध निरीक्षकासारख्या सरकारी पदाला केमिस्ट्रीची पदवी चालत नाही, फार्मसीची लागते. हे सगळं नको असेल आणि तरी केमिस्ट्रीच हवी असेल, तर पान उलटा.

दुसरी पायरी : खर्चाचे दोन रकाने

डाव्या रकान्यात खिशातून जाणारे पैसे आणि उजव्यात न मिळालेले पैसे. उजवा रकाना आपल्याकडं कुणी मांडत नाही.

आधी डावा. प्रवेश घेताना पहिला प्रश्न विचारा : तुकडी अनुदानित का विनाअनुदानित? त्याच इमारतीत, त्याच लॅबमध्ये, तोच अभ्यासक्रम शिकायचा, पण विनाअनुदानित तुकडीची फी जास्त. अर्जात पसंतीक्रम भरताना हे बघितलं नाही तर तीन वर्षं जास्त फी भरत बसाल. फीखेरीज जर्नल, ॲप्रन, परीक्षा फॉर्म, पुस्तकं हेही त्याच रकान्यात येतं.

राहणं हा त्याहून मोठा खर्च. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून रोज ये-जा करणारी मुलं आहेत. एसटीचा विद्यार्थी पास काढला की भाड्याच्या एक तृतीयांशातच काम भागतं. पण प्रॅक्टिकलची बॅच दुपारची पडली की पाच वाजतात आणि गावची सोयीची गाडी निघून गेलेली असते. म्हणून पासचा विचार करताना बॅचही विचारा. काही महाविद्यालयं लांबून येणाऱ्यांना सकाळची बॅच देतात, फक्त वेळेत अर्ज द्यावा लागतो.

खोली घ्यायच्या आधी बोर्डिंगांच्या दारात जाऊन या. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग या शहरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. त्यांतली कित्येक आजही चालू आहेत आणि भाड्याच्या खोलीपेक्षा स्वस्त पडतात. शिवाजी विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजनाही आहे. जागा थोड्या, मागणी फार. निकालाच्या आठवड्यातच फिरायला लागा, ऑगस्टमध्ये गेलात तर रेक्टर चहा पाजून परत पाठवतील.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, मागास प्रवर्गांसाठी त्यांच्या वेगळ्या योजना आहेत, वसतिगृह खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, पण तो आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का ते आधी विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे मे महिन्यातच तयार ठेवा. आणि हे पैसे त्या वर्षीच्या खर्चाला धरू नका. ते येतात, पण आपल्या गरजेच्या दिवशी येत नाहीत.

आता उजवा रकाना. खालचे आकडे मी निव्वळ नमुन्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा फी वर्षाला १५ हजार. तीन वर्षांचे ४५ हजार. खोली आणि मेस मिळून महिन्याला साडेपाच हजार, वर्षाचे दहा महिने, तीन वर्षांचे १ लाख ६५ हजार. इतर खर्च वर्षाला १० हजार, म्हणजे ३० हजार. डाव्या रकान्याची बेरीज २ लाख ४० हजार. आता बारावीनंतर लगेच एखादा मुलगा एमआयडीसीत १२ हजारांवर लागला असता तर ३६ महिन्यांत ४ लाख ३२ हजार मिळाले असते. तो उजवा रकाना. दोन्ही मिळून ६ लाख ७२ हजार. त्यात फी किती? ४५ हजार.

हीच मांडणी एम.एस्सी.ला करा. समजा फी दोन वर्षांची ६० हजार, राहणं-खाणं १ लाख १० हजार, आणि बी.एस्सी.वर मिळाला असता तो १६ हजारांचा पगार २४ महिने बुडाला, म्हणजे ३ लाख ८४ हजार. एकूण ५ लाख ५४ हजार. एम.एस्सी.मुळं महिन्याला सहाच हजार जास्त मिळाले तर हे भरून यायला साडेसात वर्षांहून जास्त लागतात. बारा हजार जास्त मिळाले तर चार वर्षांच्या आत वसूल. म्हणजे एम.एस्सी. करावी का, याचं उत्तर कुठली एम.एस्सी. आणि त्यानंतर कुठं, यावर ठरतं. ते पाचव्या पायरीवर बघू.

आणि अधेमधे 'जरा अभ्यास करतो' म्हणून घरी काढलेलं एक वर्ष? १६ हजारांच्या हिशेबानं १ लाख ९२ हजार. त्याची पावती मिळत नाही, एवढाच फरक.

तिसरी पायरी : महाविद्यालयाची लॅब नाकानं आणि डोळ्यांनी बघा

नावावर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, नावाचा उपयोग होतो. राजाराम कॉलेज १८८० पासूनचं आहे, विवेकानंद स्वायत्त आहे, गोखले, न्यू कॉलेज आहेत, सांगलीचं विलिंग्डनही फार लांब नाही. पण प्रवेशाच्या दिवसांत लॅब अटेंडंटशी दोन शब्द बोला. प्राचार्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

बघायचं काय? फ्यूम हूडचा (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचा) पंखा चालतो का, का त्यात जुनी जर्नलं ठेवलीत. एका ब्युरेटवर किती मुलं असतात. पीएच मीटर, कलरीमीटर, पोटेन्शिओमीटर टेबलावर आहेत का काचेच्या कपाटात कुलपाआड. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा : "यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर स्वतः लावलायस का, का सरांनी लावलेलं बघितलंस?" या एका प्रश्नात सगळं कळतं. मी स्वतः तीन वर्षांत ते यंत्र दोनदा बघितलं, दोन्ही वेळा लांबून.

नव्या शैक्षणिक धोरणामुळं रचना बदललीय. पहिल्या वर्षी विषय घेऊन पुढं एक मुख्य ठरवायचा, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आणि मग एम.एस्सी. एकाच वर्षाची. पाचाची पाच वर्षंच होतात, पण चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर नेटला (प्राध्यापकी आणि संशोधनाच्या पात्रता परीक्षेला) बसता येतं आणि पीएच.डी.चं दारही उघडतं. संशोधनात जाणाऱ्यालाच याचा फायदा. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोयही आहे. ते प्रमाणपत्र घेऊन कुणी गेटवर आला तर आमचे एचआरवाले त्याला बारावी पासच धरतील, हे माझं मत.

चौथी पायरी : आपल्या पन्नास किलोमीटरच्या आत केमिस्ट काय करतो, ते बघून या

हे पान सगळ्यात मोठं ठेवा. पोरं पदवी घेतात आणि शेवटच्या दिवशी विचारतात, "जॉब कुठं असतात?" कोल्हापूरच्या मुलाला तर हे दाराशीच आहे.

साखर कारखाना घ्या. हंगामात लॅब चोवीस तास चालते. दर तास-दोन तासांनी नमुने येतात : पहिला रस, मिश्र रस, स्वच्छ रस, सिरप, मॅसिक्युट (साखरेचे दाणे धरलेला घट्ट पाक), बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रसातला गाळ). ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ) बघायचा, लेड ॲसिटेट टाकून रस निवळवायचा, पोलरीमीटरवर पोल (त्यातली साखर) काढायचा, पोलला ब्रिक्सनं भागून शंभरानं गुणलं की प्युरिटी. ऐकायला साधं वाटतं. पण याच आकड्यांतून साखर उतारा निघतो आणि उसाची एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेली आहे, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला दर वाढतो. म्हणजे रात्री तीन वाजता डुलक्या घेत लिहिलेला तुमचा आकडा शिरोळ-कागलच्या कुणाच्या तरी बिलात उतरतो. माझ्या वडिलांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, त्यामुळं मला डुलकी परवडत नव्हती.

या नोकरीचं दुखणं म्हणजे हंगाम. गाळप संपलं की नवखा हंगामी केमिस्ट घरी. कायम हंगामी झालात तर बंद काळात रिटेन्शन मिळतं, पण पूर्ण पगार नाही. ज्याला इथंच वर चढायचंय, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, चीफ केमिस्ट व्हायचंय, त्यानं पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रम बघावेत. साखर तंत्रज्ञान आणि मद्यार्क तंत्रज्ञान हे दोन्ही तिथं शिकवतात. इथेनॉलमुळं डिस्टिलरीच्या केमिस्टला अलीकडं बरी विचारणा आहे. केमिस्ट्रीची साधी पदवी आणि हा एक जोड अभ्यासक्रम, हा माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात वाजवी सौदा. शहरातल्या पोरांना मात्र साखर कारखाना म्हणजे मागासलेलं वाटतं, काय करणार.

फौंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, तिन्हीकडं. भट्टीतून चमच्यानं सॅम्पल काढून साच्यात गार करतात, लॅबमध्ये ग्राइंड करायचा, स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) स्पार्क मारायचा, मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरसचे आकडे पडद्यावर. तोवर वितळलेलं लोखंड तुमच्या 'ओके'ची वाट बघत असतं आणि भट्टीवाला आपल्या नावानं ओरडत असतो. एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड) असेल तर मॅग्नेशियम उडून जायच्या आत ओतायची घाई वेगळी. शिवाय वाळूची ओल, ताकद, हवा जाण्याची क्षमता तपासायची. हे काम मला आवडतं. पण खरं सांगायचं तर पूर्वी ओल्या पद्धतीनं जे चार जण करायचे ते आता एक यंत्र आणि एक माणूस करतो. जागा कमी, आणि बऱ्याच मेटलर्जीच्या डिप्लोमावाल्यांकडं जातात.

दूध संघ आणि डेअऱ्यांत फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), युरिया-डिटर्जंटची भेसळ तपासणी. स्थिर काम, बारमाही काम, पण भरती क्वचित निघते आणि निघाली की कोल्हापूर अर्धं अर्ज करतं.

इचलकरंजीत प्रोसेस हाऊस. ब्लीचिंग, डाइंग, लॅब डिप (कापडाच्या तुकड्यावर रंगाचा नमुना) काढून शेड जुळवणं. ज्याच्या डोळ्याला रंगातला बारीक फरक कळतो त्याला तिथं मान आहे. त्याच उद्योगाच्या शेपटाला सांडपाण्याचं काम आहे. पंचगंगेच्या प्रदूषणावर इतकी आंदोलनं झालीत की ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालवणारा, सीओडी-बीओडी (पाणी किती घाण आहे ते सांगणारे आकडे) नीट काढणारा माणूस आता लागतोच.

औषध कंपन्या मात्र आपल्या उंबऱ्याबाहेर. कुंभार्ली घाट उतरून लोटे, इकडं कुरकुंभ, तिकडं गोवा, मोठा हात मारायचा तर हैदराबाद, अंकलेश्वर, वापी. पगार आणि शिकणं दोन्ही तिथं. एचपीएलसी, जीसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं), डिसोल्युशन (गोळी कशी विरघळते ते), कार्ल फिशर (पाण्याचा अंश), आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही-तारीख. ऑडिट असलं की अख्खा विभाग उपाशी. तीन शिफ्ट, भाड्याची खोली, पावसाळ्यात बंद घाट. पहिली दोन वर्षं आई फोनवर रडायची. पण आज माझ्याकडं जी किंमत आहे ती त्या सहा वर्षांची आहे, पदवीची नाही.

दिवाळीच्या सुट्टीत यांतल्या निदान दोन ठिकाणी ओळख काढून एक शिफ्ट उभं राहून बघा. ओळख निघतेच, हे कोल्हापूर आहे.

पाचवी पायरी : कुठं थांबायचं ते दुसऱ्या वर्षी ठरवा

बी.एस्सी.वर थांबणाऱ्यांनी थांबण्याची लाज बाळगू नये. साखर, डिस्टिलरी, डेअरी, औषध कंपनीतली ट्रेनीची जागा हे सगळं बी.एस्सी.वर मिळतं. औषधनिर्मितीच्या कायद्यात केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या बी.एस्सी.ला तीन वर्षांच्या अनुभवानंतर उत्पादनाचा मान्यताप्राप्त केमिस्ट होता येतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षणार्थींना बी.एस्सी. चालते, पण ६० टक्के लागतात. रेल्वेत केमिकल अँड मेटलर्जिकल असिस्टंट हे पद आहे, त्याचं नावही आपल्या पोरांना माहीत नसतं. ५८ टक्क्यांवर पास होऊन मग कपाळाला हात लावण्यापेक्षा ६० चा आकडा पहिल्या सेमिस्टरपासून भिंतीवर लिहा.

एम.एस्सी. करायचीच तर शाखा विचारपूर्वक घ्या. ऑरगॅनिक म्हणजे सिंथेसिस : राउंड बॉटम फ्लास्क, टीएलसी, कॉलम, दिवसभर सॉल्व्हंटचा वास, आणि संशोधन विभागातली नोकरी. ॲनालिटिकल म्हणजे यंत्रं आणि क्यूसी. कारखान्यात या दोघांना मागणी. इनऑरगॅनिक आणि फिजिकल सुंदर विषय आहेत, डोकं लागतं, पण नेट, संशोधन, प्राध्यापकी या वाटेनंच त्यांची किंमत वसूल होते. "जागा शिल्लक होती म्हणून फिजिकल घेतलं" असं सांगणारा मुलगा माझ्यासमोर आला की मला त्या विषयाचीच कीव येते.

एम.एस्सी.नं उघडणारी एक वाट बऱ्याच जणांना माहीत नसते : अन्न सुरक्षा अधिकारी. तिथं केमिस्ट्रीची नुसती पदवी चालत नाही, पदव्युत्तर पदवी चालते.

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. केली तर घरचं जेवण मिळतं, खर्च निम्म्यावर येतो. पण दुसऱ्या वर्षापासून जॅमची (आयआयटीच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेची) तयारी करून आयआयटीत जाता आलं तर जा. फेब्रुवारीत परीक्षा, अर्ज त्याच्या आधीच्या शरदात. तिथली फी जास्त दिसते, पण वरच्या हिशेबातला महिन्याचा फरक सहाचा बारा करणारी हीच पायरी.

सहावी पायरी : मास्तरकी आणि संशोधन, डोळे उघडे ठेवून

एम.एस्सी. झाल्यावर मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर एक वर्ष शिकवलं. तास घेतला तरच पैसे, सुट्टीत शून्य, आणि झालेल्या तासांचे पैसे कित्येक महिन्यांनी. पोरं 'सर' म्हणायची, ते ऐकायला गोड. मे महिन्यात खिशात एसटीचे पैसे नव्हते. त्याच स्टाफरूममध्ये माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पीएच.डी. झालेले दोघे त्याच दरावर होते. कायम जागा निघण्याची वाट बघत त्यांची पस्तिशी ओलांडली होती. मी जूनमध्ये लोट्याची गाडी पकडली.

म्हणून शिकवायचं असेल तर मुदत घाला. सहायक प्राध्यापकाला नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. महाराष्ट्राची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, सीएसआयआरची नेट वर्षातून दोनदा होते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातच पहिला प्रयत्न करा. शाळेत जायचं तर बी.एड., टीईटी, मग शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी (टेट). आणि 'संस्थेला काहीतरी द्यावं लागेल' असं कानात सांगणारा भेटलाच, तर त्या रकमेत वापीत किती वर्षं खोली भाड्यानं मिळेल याचा हिशेब त्याच्यासमोरच मांडा.

संशोधनाची गोष्ट निराळी. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, पुढं ४२ हजार, वर घरभाडं भत्ता. केमिस्ट्री शिकण्याचेच पैसे मिळतात अशी ही एकमेव जागा. पुण्याची एनसीएल, आयसर, मुंबईची आयसीटी या संशोधन संस्थांची नावं दुसऱ्या वर्षापासून वाचत राहा, उन्हाळी प्रकल्पासाठी तिथल्या प्राध्यापकांना ईमेल पाठवा. वीस पाठवल्या तर एक उत्तर येतं. ते एक पुरतं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या असतात. पण फेलोशिपशिवाय, घरच्या पैशांवर पीएच.डी. सुरू करू नका. माझं हे मत कुणाला कडू लागेल, लागू दे.

सातवी पायरी : तीन वर्षांत हाताला काय लावायचं

मुलाखतीत मोठं काही विचारत नाहीत. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक, ०.१ नॉर्मल द्रावण कसं कराल, बीअर-लॅम्बर्टचा नियम, एचपीएलसीत वेगळं होणं कशामुळं होतं. आमच्याकडं आलेल्या दहांतले सात पहिल्याच प्रश्नाला वर बघतात. या चार गोष्टी मराठीत पक्क्या समजून घ्या आणि मग मोडक्या इंग्रजीत का होईना, बोलून दाखवायचा सराव करा. एक्सेलमध्ये तक्ता, सरासरी आणि आलेख जमला पाहिजे.

तिसऱ्या वर्षी रस्त्याच्या खांबावर जाहिराती दिसतील : 'एचपीएलसी ट्रेनिंग, शंभर टक्के नोकरी'. जाण्याआधी तीनच गोष्टी विचारा. यंत्र चालू आहे का? मला स्वतःला किती इंजेक्शन मारायला मिळतील? मागच्या बॅचमधल्या तिघांशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की चप्पल घाला. त्यापेक्षा सरकारच्या नॅट्स पोर्टलवर पदवीधर ॲप्रेंटिस म्हणून नाव नोंदवा. एक वर्ष, विद्यावेतन मिळतं, आणि प्रमाणपत्रावर कारखान्याचं नाव असतं.

आठवी पायरी : पहिलं ऑफर लेटर वाचायचं कसं

वार्षिक आकडा बघून पेढे वाटू नका. महिन्याला हातात किती येणार ते विचारा. पीएफ कापून, कँटीन कापून, बस कापून. ट्रेनी कालावधी सहा महिने का दोन वर्षं? नेमणूक कंपनीची का ठेकेदाराची? बाँड आहे का, मूळ कागदपत्रं ठेवून घेतात का? मूळ मार्कशीट कुणालाही देऊ नका, दाखवा आणि परत पिशवीत घाला. रात्रपाळी कधीपासून, मुलींना घरापर्यंत गाडी आहे का, हे मुलीच्या वडिलांनी नव्हे, मुलीनंच विचारावं. एचआरवाला तिच्याशी कसा बोलतो यावरून पुढचे दिवस कळतात.

आणि प्लांट दाखवा म्हणावं. दाखवत असतील तर दोन गोष्टी बघायच्या : डोळे धुवायचा नळ कुठं आहे, आणि तो सोडला तर पाणी येतं का. मी लोट्याला पहिल्या दिवशी तो नळ सोडून बघितला. माझा होणारा साहेब शेजारी उभा होता. पाणी आलं, आणि तो म्हणाला, "उद्यापासून ये."